वीसपैकी चौदा

फ्रेंच माझं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुठे उभी होते ते कळेल.

आठवीत संस्कृत घ्यायचं की फ्रेंच, असा प्रश्न यायचा तेव्हा पुण्यातल्या आमच्या शाळेत हुशार मुली डोळे मिटून संस्कृत घ्यायच्या. संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात. माझ्या मावसबहिणीने अर्थातच संस्कृत घेतलं आणि तिला अर्थातच पैकीच्या पैकी पडले. मी फ्रेंच घेतलं. दहावीनंतरही सोडलं नाही. बी.कॉम. करता करता संध्याकाळी क्लासला जायचे, एकेक परीक्षा देत अगदी शेवटच्या पातळीपर्यंत गेले. घरात कशाचंही कौतुक निघालं की तिचं नाव निघायचं. फ्रेंचचा विषय निघाला की तेवढं माझं.

ती माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. पण मोठ्या माणसांनी ठरवल्यामुळे ती मला ताई म्हणायची, आणि मनापासून म्हणायची, हेच वाईट. तिचा राग करावा असं तिने कधी काही केलं नाही. चिडकी असती, शिष्ट असती, तर माझं काम सोपं झालं असतं. ती हसरी होती, मदतीला धावणारी होती, तिला नव्वदच्या खाली मार्क पडत नसत आणि तिच्या लांब केसांना काही लावावंही लागत नसे.

मला भाषांतराचं शिक्षण घ्यायला फ्रान्सला किंवा बेल्जियमला जायचं होतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि मग?" त्या 'आणि मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एजंटाकडे होतं. त्या वर्षांत पुण्यात जिकडे बघावं तिकडे ऑस्ट्रेलियाला पाठवणाऱ्या एजंटांच्या पाट्या लागल्या होत्या. आमच्या सोसायटीतूनच तीन मुलं गेली होती. आयटीत मास्टर्स करायचं, कॉमर्सवाल्यांनाही घेतात, दोन वर्षांनी पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी. नकाशावर फ्रान्सच्या बरोब्बर उलट टोकाला असलेल्या देशात, मला ज्यातलं ओ की ठो कळत नव्हतं ते शिकायला जायचं ठरलं.

आणि त्याच फेब्रुवारीत ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, एवढं पत्र बघतेस का गं? चुका असतील."

तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या विद्यापीठाशी काहीतरी करार होता. पाण्याच्या इंजिनिअरिंगचा दोन वर्षांचा कोर्स, शिष्यवृत्तीसकट. शिकवणार फ्रेंचमधून. बाईसाहेबांचं फ्रेंच तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सचं. पत्रात एका पानात सतरा चुका होत्या, मी मोजल्या. मग मी त्या दुरुस्त केल्याच नाहीत, पत्रच नवीन लिहून दिलं. मला कुठल्याही विद्यापीठाला जे सांगायचं होतं ते सगळं त्यात ओतलं, फक्त भाषांतराच्या जागी पाणी घातलं. इतकं चांगलं लिहिलं, कारण तिला मिळणार नाही अशी माझी खात्री होती.

तिला मिळालं.

तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना, ते मुळीच पसंत नव्हतं. काका शाळेत गणित शिकवायचे. सज्जन माणूस, पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना टक्क्यांत हवी असायची. आंबा गोड आहे म्हटलं तर किती, असं विचारणारे. त्यांनी अट घातली. पहिल्या वर्षाचे मार्क बघायचे. चांगले असतील तर दुसरं वर्ष, नाहीतर शिष्यवृत्ती गेली खड्ड्यात, परत यायचं आणि आलेली स्थळं बघायची. ही अट मावशीने माझ्या आईला सांगितली, आईने मला सांगितली. म्हणजे मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

मी जुलैत सिडनीला गेले, ती सप्टेंबरात लिएजला.

सिडनीच्या वेस्टमीड उपनगरात स्टेशनपासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांत आम्ही चार मुली राहायचो. त्यातली एक दिल्लीची होती, तिची न् माझी एक खोली. बाकी दोघी कधी येतात कधी जातात ते कळत नसे. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या परिसरात एका किचनमध्ये मला काम मिळालं होतं. पट्ट्यावरून ट्रे सरकत यायचे, प्रत्येकावरची चिठ्ठी वाचायची आणि मऊ भात की साधा, जेली की फळ, ते ठेवायचं. आठवड्याला वीस तास, व्हिसावर तेवढेच चालायचे. उरलेल्या वेळात ट्रेनने युनिला, म्हणजे विद्यापीठात. लेक्चरमध्ये मी शिफ्टचा विचार करायचे आणि शिफ्टला लेक्चरचा. एकदा जावाचा कोड मनात जुळवता जुळवता मधुमेहाच्या ट्रेवर कस्टर्ड ठेवलं. सुपरवायझर बाईने ते उचललं आणि म्हणाली, "नो वरीज, डार्ल." मला रडूच आलं. ती बिचारी घाबरली.

रविवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिच्याकडे सकाळ, आम्ही वेबकॅमवर बोलायचो. मी शिफ्टवरून आलेली, हाताला किचनच्या साबणाचा वास. ती पलंगावर मांडी घालून, केस मोकळे, हातात कसलातरी गोड पाव. तिच्या खोलीला ती 'कोट' म्हणायची, तिकडे विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीला तसंच म्हणतात. एका मजल्यावर सात जण, एक स्वयंपाकघर. तिने पोहे करून सगळ्यांना खाऊ घातले होते, आणि आता कोणीतरी तिला सायकल शिकवत होतं. मला विचारलं असतं तर मी पुण्यातच शिकवली असती.

"गुरुवारी काय धमाल असते माहितीये ताई? इथे शुक्रवारी सगळे आपापल्या घरी जातात ना, आईकडे कपडे धुवायला. म्हणून गुरुवारी रात्री अख्खं शहर रस्त्यावर."

"आणि शुक्रवारचं लेक्चर?"

"साडेआठला. जाते ना मी. झोप येते, पण प्रोफेसरही झोपेतच असतात."

ती फ्रेंच कशी बोलते ते ऐकायला मी कान टवकारून बसायचे. मागून कोणी हाक मारली की ती वळून उत्तर द्यायची. लिंगांची खिचडी, क्रियापदांचा आनंदीआनंद, पण थांबणं नाही. समोरचे हसायचे, तीही हसायची आणि पुढे जायची. मी नऊ वर्षं फ्रेंच शिकले आणि एकाही फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला हसवलं नव्हतं. एकदा ती सत्तर म्हणताना 'सेप्तांत' म्हणाली. मी लगेच टोकलं, सत्तरला 'स्वासांत-दीस' म्हणतात, साठ आणि दहा.

"ते फ्रान्समध्ये गं. इथे सेप्तांत म्हणतात. सोपंय की नाही?"

मला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा बंद केल्यावर मी इतकी धुसफुसत होते की दिल्लीवाली म्हणाली, "यार, किसी से झगड़ा हुआ क्या?" मी म्हटलं, नाही, माझ्या बहिणीचा फोन होता.

खरं तर मला ती मजा करते याचं दुःख नव्हतं. मजा करणारी आणि नापास होणारी मुलं मी युनित ढिगाने बघत होते, त्यांच्याविषयी मला माया होती. मला सलत होतं ते हे की तिचा अभ्यासही होत होता. डिसेंबरच्या मध्याला ती म्हणाली, आता महिनाभर फोन नाही. परीक्षेआधी तिकडे काही आठवडे कोंडून घेऊन अभ्यास करायचा रिवाज आहे, त्याला ब्लोक्यूस म्हणतात. बार ओस पडतात, गुरुवार संपतो. तिच्या मजल्यावरच्या सातही जणांनी आपापलं वेळापत्रक दारावर चिकटवलं होतं. संध्याकाळी सातला एकत्र सूप प्यायचं, तेही अर्धा तास, आणि परत दारं बंद.

"इथे बाहेर जायचं तेव्हा बाहेर जायचं आणि बसायचं तेव्हा बसायचं. मला तर फार जमलं बाई हे. तू पण करून बघ."

तू पण करून बघ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडे कुठला गुरुवार होता? तरीही मी करून बघितलं, हे कबूल करायला हवं. जानेवारीत दिल्लीवालीबरोबर आणि तिच्या मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेले. त्या दिवशी समर स्कूलच्या एका विषयाची असाइनमेंट द्यायची होती, ती मी अर्धवट ठेवून गेले. पाण्यात शिरले नाही. एका टॉवेलवरून दुसऱ्या टॉवेलवर बसत फोटो काढून घेतले, उडी मारताना, आइस्क्रीम खाताना, कोणा अनोळखी गोऱ्या मुलाच्या सर्फबोर्डशेजारी. सगळे तिला पाठवण्यासाठी. परत आले तेव्हा खांदे भाजून लाल झाले होते आणि असाइनमेंट एक दिवस उशिरा गेली म्हणून दहा टक्के कापले. तिचं उत्तर आलं, "किती मस्त दिसतेयस ताई! मला पण समुद्र हवाय." तिला खरंच आनंद झाला होता. तिला माझा हेवा वाटावा म्हणून मी खांदे भाजून घेतले आणि तिला नुसता आनंद झाला.

मग एप्रिलमध्ये तिचे फोटो पुण्यात पोचले. तिच्या मजल्यावरच्या कोणीतरी नेटवर टाकले होते आणि शेजाऱ्यांच्या मुलीने ते मावशीला दाखवले. डॉक्टर घालतात तसले पांढरे कोट घालून पंधरा-वीस मुलंमुली रस्त्यात उभी, कोटांवर रंग, चित्रं, कसकसले डाग, आणि मधोमध आमच्या बाईसाहेब हातात ग्लास घेऊन खदखदून हसताहेत. तिकडच्या विद्यार्थ्यांची ती जुनी प्रथा आहे, असं तिने पुण्याला फोन करून परोपरीने सांगितलं. ग्लासात सरबत होतं असंही सांगितलं, ते मात्र खोटं असावं. काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं आईने मला कळवलं. "आता मार्कांवर आहे बघ सगळं," ती म्हणाली. मी "हो ना, काळजीच वाटते" म्हटलं. मला काळजी वाटत नव्हती. किती तरी महिन्यांनी पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

जुलैत आम्हा दोघींचे निकाल लागले.

माझे आधी सांगते. चार विषय, एकात चौसष्ट, एकात सहासष्ट, एकात अडुसष्ट, एकात एकाहत्तर. बाबा फोनवर म्हणाले, "बस, एवढेच?" मी त्यांना समजावून सांगितलं. बाबा, इथे पन्नासला पास, पासष्टच्या वर क्रेडिट, पंचाहत्तरच्या वर डिस्टिंक्शन, आणि ते फार कोणाला मिळत नाही. आपल्याकडच्या टक्क्यांशी तुलना करू नका, इथली पद्धतच वेगळी आहे. चांगली वीस मिनिटं समजावलं. बाबांना पटलं, इतकं पटलं की त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून तीन क्रेडिट मिळाल्याचं सांगितलं. काकांनाही सांगितलं. काका म्हणाले म्हणे, "छान, छान. परदेशातलं गणित निराळं असतं."

तिला सरासरी वीसपैकी चौदा मिळाले होते. सुट्टीसाठी ती पुण्याला येऊन दोन दिवस झाले होते.

वीसपैकी चौदा म्हणजे काय हे मला माहीत होतं. आमच्या संपूर्ण खानदानात फक्त मला माहीत होतं. फ्रेंचच्या क्लासमधल्या आमच्या बाई फ्रान्समध्ये शिकून आलेल्या होत्या, आणि मार्कांची पद्धत बेल्जियमचीही तीच. त्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं की तिथले प्राध्यापक मार्कांच्या बाबतीत महाकंजूष असतात, दहाला पास, बारा म्हणजे बरे, चौदा पडले की घरी मेजवानी आणि सोळा म्हणजे शहरात नाव. तेही परक्या भाषेत, तोंडी परीक्षा देऊन. त्या बयेने वर्षभर दर गुरुवारी नाचून चौदा काढले होते. निकाल ऐकला तेव्हा माझ्या पोटात खरोखर दुखलं, मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले.

रविवारी दुपारी मी कॉलिंग कार्ड खरवडून मावशीला फोन लावला. ती आली आहे म्हणून, चार शब्द बोलावेत म्हणून. मावशी म्हणाली, ती झोपली आहे, तिचं झोपेचं तंत्रच बिघडलंय. आणि मग जरा थांबून म्हणाली, "तुला एक विचारू का गं?"

"विचार ना मावशी."

"तुला तिथलं सगळं माहितीये, तू एवढं फ्रेंच केलंयस. हिला वीसपैकी चौदा पडलेत. ती म्हणते चांगले आहेत. तुझे काका म्हणतात, पोरीला आयुष्यात नव्वदच्या खाली कधी पडले नाहीत, तिकडे गेली आणि असं झालं. तू सांग बाई. चौदा म्हणजे कसे?"

मला आजही ती खोली दिसते. खिडकीतून हॉस्पिटलचा कार पार्क दिसायचा, कोणीतरी गाडी तीन-तीनदा मागेपुढे करून लावत होतं. दिल्लीवाली कपड्यांना इस्त्री करत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, मावशी, उत्तम आहेत, पेढे वाट. तोंडाशी आलं होतं.

मी म्हणाले, "चौदा म्हणजे सत्तर टक्के, मावशी."

"सत्तर," मावशी म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुझ्यासारखं निराळं गणित नाही ना काही तिथे?"

"प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं," मी म्हणाले. "ठीक आहेत गं. होतं असं कधी कधी, नवीन देश, नवीन मैत्रिणी. तिला ओरडू नका." ते ओरडू नका मी इतक्या मायेने म्हटलं की मलाच खरं वाटलं. पुढे मावशी काहीतरी आईच्या गुडघ्यांविषयी बोलली, मी सिडनीच्या थंडीविषयी बोलले आणि फोन ठेवला. एक शब्दही खोटा बोलले नव्हते. चौदाला पाचाने गुणलं की सत्तरच येतात, कुठल्याही गणिताच्या मास्तरला विचारा.

ती परत लिएजला गेली नाही.

आईने कळवलं तेव्हा मला आनंद झाला. असं लिहिताना लाज वाटते, पण झाला. दोन दिवस मी शिफ्टला गुणगुणत ट्रे लावले. तिसऱ्या दिवशी तिचा मेल आला, चारच ओळी. काही जमलं नाही, बाबा ऐकत नाहीत, खोलीतलं सामान तिथल्या मैत्रिणी पार्सल करून पाठवणार आहेत, तू काळजी करू नकोस, अभ्यास कर. सप्टेंबर उजाडायला अजून महिना होता. म्हणजे चार रविवार होते. दर रविवारी मी कार्ड विकत आणलं, आमच्या घरी फोन केला, आईबाबांशी बोलले आणि मावशीचा नंबर फिरवला नाही. त्या एका रविवारी जीभ रेटली नाही असं म्हणून सुटता येईल एकवेळ. या चार रविवारांचं काही म्हणता येत नाही.

तिचं वाईट झालं, असं मात्र झालं नाही. हेही सांगायला हवं, कारण मी वाट बघत होते. तिला पुण्यात नोकरी लागली. दोन वर्षांत लग्न झालं, नवरा सॉफ्टवेअरमधला, भला माणूस. लग्नात ती अशी काही दिसत होती की मी सुट्टी काढून सिडनीहून गेले आणि माझ्याकडे कोणी बघितलं नाही. पाण्याचं इंजिनिअरिंग तेवढं सुटलं. ती दुसऱ्यांच्या इमारतींचे आराखडे तपासायची आणि त्याविषयी कधी बोलायची नाही. पुढे तिच्या नवऱ्याला स्किल्ड व्हिसा मिळाला आणि दोघं आली ती थेट ब्लॅकटाउनला, माझ्यापासून ट्रेनने वीस मिनिटांवर. मी तोवर वेस्टमीडलाच एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात लागले होते. सहा महिन्यांत आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायका तिच्या मैत्रिणी झाल्या. त्यातल्या निम्म्यांना मी आठ वर्षं ओळखत होते आणि त्यांच्या घरी कधी चहा प्यायले नव्हते.

अशी वर्षं गेली. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एका शनिवारी मी तिच्याकडे लाडू वळायला गेले होते. तिची मुलगी बाहेरच्या खोलीत होमवर्क करत होती आणि प्रत्येक प्रश्नाला इंग्लिशमधून उत्तर देत होती. बेसन भाजून झालं होतं, परात टेबलावर आमच्या दोघींच्या मध्ये. ती एकदम म्हणाली, "ताई, जूनमध्ये आम्ही युरोपला जातोय. मी ह्यांना सांगितलंय, चार दिवस लिएजला राहायचं म्हणजे राहायचं. तू पण चल ना. खरंच सांगते. तुझ्याइतकं फ्रेंच कोणाला येतंय? मी तर सगळं विसरले."

तिच्या त्या 'तुझ्याइतकं'ने मला धरलं. त्या शहरात तिच्याबरोबर फिरायचं, ती आपली खोली दाखवणार, कॉलेज दाखवणार, आणि मी शेजारी उभी राहून फोटो काढणार. ते मला झेपलं नसतं. मी हातातला लाडू ताटात ठेवला आणि सांगितलं. मावशीचा फोन, चौदा, सत्तर टक्के, सगळं सांगितलं. मला माहीत होतं आणि तरी मी बोलले नाही, हे सांगितलं. कारण विचारशील तर दुसरं काही नाही, तुझ्यावर जळत होते, हेही सांगितलं.

ती लाडू वळत राहिली.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"मावशीने सांगितलं?"

"आई कशाला सांगेल? मी तिथेच होते ना. फोन स्पीकरवर होता. आई, बाबा, मी, तिघं टेबलाशी बसलो होतो." तिने मुठीतला लाडू दाबून ताटात ठेवला. "मीच म्हटलं होतं बाबांना, ताईला विचारा, तिला तिथली पद्धत माहितीये. मी इथे आहे असं तिला सांगू नका, नाहीतर तुम्हाला वाटेल ती माझ्या बाजूने बोलतेय. बाबा तयार झाले होते गं. म्हणाले, ती म्हणेल ते मला मान्य."

बाहेरून मुलीने काहीतरी विचारलं. तिने "इन अ मिनिट" म्हणून उत्तर दिलं आणि परत माझ्याकडे वळली.

"तू सत्तर टक्के म्हणालीस. मला वाटलं, आता पुढे सांगेल. तू ओरडू नका म्हणालीस, तरी मला वाटत होतं की आता सांगेल. बाबांनी बटण बंद केलं आणि उठून गेले. मी बसून होते. वाटलं, परत फोन करेल."

इतकी वर्षं हे पोटात ठेवून ती मला ताई म्हणत होती, दर दिवाळीला डबा भरून देत होती. तिच्या जागी मी असते तर जन्मात तोंड बघितलं नसतं. आणि तशा अवस्थेतही, तिला हे कसं जमतं, म्हणून माझ्या पोटात तेच जुनं दुखलं.

"आता सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"आईने विचारलं होतं ते. चौदा म्हणजे कसे?"

मी सांगितलं. चौदा म्हणजे फार चांगले असतात, तिथे ते फार थोड्यांना मिळतात, आणि परक्या भाषेत तोंडी परीक्षा देऊन मिळवायचे म्हणजे तर मोठीच गोष्ट आहे. दुसऱ्या वर्षाला नक्की पाठवा. ती हात थांबवून, टेबलाच्या मोकळ्या टोकाकडे बघत, शेवटपर्यंत ऐकत होती. काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.